युद्धाची किल्ली कुणाच्या खिशात?

रशिया भारी की अमेरिका? चीन पुढे जाणार की अमेरिका त्याला अडवणार? इराण टिकेल की इस्रायल? गेल्या तीन-चार वर्षांत आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर या प्रश्नांवर जेवढी बोटे झिजली, तेवढी रखडलेल्या शिष्यवृत्तीवर झिजली नाहीत. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर' सुरू झाले तेव्हा तर चार दिवस प्रत्येक मोबाइलची वॉररूम झाली होती. टीव्हीवरच्या अँकरांनी स्टुडिओत बसून कराची बंदर उद्ध्वस्त केले आणि आपल्या पोरांनी ती बातमी 'जय भीम, जय भारत' लिहून पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी ती खोटी निघाली. खोटी निघाल्याचा मेसेज मात्र कुणी पुढे ढकलला नाही.

यावर आपल्यातल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की आपल्याला काय करायचे युक्रेन आणि तैवानशी? आपण आपले आरक्षण, अॅट्रॉसिटी आणि घरकुलाचे बोलावे. आमचे दोन्ही बाजूंशी भांडण आहे. युद्ध म्हणजे क्रिकेटची मॅच नाही, की कुठल्या तरी संघाची टोपी घालून टाळ्या वाजवायच्या. आणि युद्ध आपल्यापासून लांब आहे हेही खरे नाही. कमीत कमी राजूरच्या माणसाने तरी ते म्हणू नये.

का म्हणू नये, ते सांगतो.

राजूर कॉलरी म्हणजे कोळसा आणि चुना. वणी तालुक्यात आमच्या आजूबाजूला उकणी, निलजई, कुंभारखणी, भांदेवाडा अशी गावे आहेत, जी नकाशात गावे आणि वेकोलिच्या कागदात खाणी आहेत. दुसऱ्या महायुद्धात हा सगळा पट्टा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. स्त्रियांना जमिनीखाली खाणीत उतरवायला १९३७ पासून बंदी होती. युद्ध पेटले, रेल्वेला, कारखान्यांना, बोटींना कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये सरकारने ही बंदी उठवली. मध्य प्रांत, बंगाल, बिहार, ओरिसा इथल्या खाणींत बाया पुन्हा खाली उतरल्या. लंडन आणि बर्लिनच्या भांडणाचा भार कुणाच्या डोक्यावरच्या टोपलीत पडला ते पाहा. त्या बाया कोणत्या जातींच्या होत्या हे वेगळे सांगायची गरज नाही.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री कोण होते? बाबासाहेब. हा इतिहास आपले लोक अवघडल्यासारखे टाळतात. टाळू नये. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी सरकारची बाजू मांडली. ही आणीबाणीतली तात्पुरती गोष्ट आहे, असे त्यांनी सांगितले. त्याचबरोबर खाणीत स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व इथे पहिल्यांदा लागू होते आहे, हेही त्यांनी ठणकावले. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसापट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, मजुरांच्या झोपड्या पाहिल्या. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. १९४६ मध्ये स्त्रियांवरची बंदी परत आली. सत्तेत बसून युद्धाचा दाब झेलावा लागतो तेव्हा माणूस काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे या प्रकरणात दिसते. पण आमच्यासाठी मुद्दा त्यांनी धरलेल्या धाग्याचा आहे. युद्धात कोण जिंकतो यावर ते थांबले नाहीत, युद्धाची किंमत कोण मोजतो ते त्यांनी पाहिले.

हाच धागा १९५१ मध्येही दिसतो. मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनी दिलेल्या निवेदनात हिंदू कोड बिल आहे, मागासवर्गीयांची उपेक्षा आहे, हे आपल्याला पाठ आहे. त्याच निवेदनात परराष्ट्र धोरणही आहे, हे किती जणांनी वाचले आहे? वर्षाला साडेतीनशे कोटींचा महसूल आणि त्यातले एकशे ऐंशी कोटी सैन्यावर, हा हिशेब त्यांनी मांडला आणि हा खर्च परराष्ट्र धोरणाचा थेट परिणाम आहे असे सांगितले. जगातल्या सत्तास्पर्धेवर बोलताना हिशेबाची वही उघडी ठेवायची, ही आपली परंपरा आहे.

आता ती वही आजच्या तारखेला उघडू. नागपूरजवळ बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ रोजी सोलार कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला. नऊ कामगार गेले, त्यात सहा स्त्रिया. याच उद्योगसमूहात खाणीतल्या सुरुंगाची स्फोटके बनतात आणि सैन्यासाठी 'नागास्त्र' नावाचा, लक्ष्यावर जाऊन फुटणारा ड्रोनही बनतो. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ जण गेले. पुलगावच्या दारूगोळा भांडाराशेजारी २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा निकामी करताना सहा जण गेले, त्यात आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर भद्रावतीला चांदा आयुध निर्माणी आहे. विदर्भ म्हणजे देशाचे दारूगोळ्याचे कोठार. ड्रोनचा व्हिडिओ पाहून 'भारत बनला महासत्ता' लिहिणाऱ्याने एकदा बाजारगावच्या त्या सहा बायांची नावे शोधून वाचावीत.

सीमेवर मरणारा जवान आणि कारखान्यात मरणारी बाई या दोघांच्या घरांची उतरंड बहुतेक एकच असते. एकाला तिरंगा मिळतो, दुसरीला नुकसानभरपाईचा धनादेश.

ही झाली युद्धाची जुनी बाजू. युद्धाची नवी बाजू राजूरपर्यंत वेगळ्याच वाटेने आली.

प्रा. आनंद तेलतुंबडे राजूरचे. १९५० साली इथल्या गरीब दलित घरात जन्मले, नागपूरला इंजिनिअर झाले, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकले, कंपन्यांत मोठ्या पदांवर राहिले, पुढे आयआयटी खरगपूरला आणि गोव्याच्या व्यवस्थापन संस्थेत प्राध्यापक झाले. त्यांच्या सगळ्या मांडणीशी आम्ही सहमत नाही. बाबासाहेबांच्या मार्क्सविषयीच्या भूमिकेबद्दल त्यांचे जे वाचन आहे, त्यावर आमचे त्यांच्याशी भांडण होऊ शकते, आणि ते भांडण आम्ही करू. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने जगभरातल्या सुमारे चौदाशे लोकांना कळवले की तुमच्या फोनवर 'पेगॅसस'ने हल्ला झाला आहे, त्या भारतीयांच्या यादीत या राजूरच्या माणसाचे नाव होते.

पेगॅसस म्हणजे काय? इस्रायलच्या एनएसओ कंपनीने बनवलेले हेरगिरीचे सॉफ्टवेअर. ते विकायचे तर इस्रायलच्या संरक्षण मंत्रालयाची निर्यात परवानगी लागते. म्हणजे त्या देशाच्या कायद्यातच ते शस्त्र आहे, तोफेसारखे किंवा क्षेपणास्त्रासारखे. फरक एवढाच की हे शस्त्र कुठल्याही सीमेवर ठेवलेले नसते. ते फोनमध्ये शिरते, मायक्रोफोन उघडते, कॅमेरा उघडते, मेसेज वाचते. आपल्या देशात ते कुणी विकत घेतले हे सरकारने आजपर्यंत स्पष्ट सांगितलेले नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. २०२२ मध्ये समितीने सांगितले की तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांमध्ये कुठले तरी घातक सॉफ्टवेअर सापडले, ते पेगॅससच होते असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही. पुढे सगळे शांत.

भीमा कोरेगाव प्रकरणात तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, एनआयएपुढे हजर झाले. जामीन मिळाला नोव्हेंबर २०२२ मध्ये. अडीच वर्षे तुरुंग. याच प्रकरणातल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने तपासली आणि २०२१ मध्ये अहवाल दिला की 'नेटवायर' नावाच्या सॉफ्टवेअरने त्या यंत्रावर बाहेरून कब्जा केला होता आणि पुरावा म्हणून दाखवलेली पत्रे त्याच मार्गाने आत ठेवली गेली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही तसाच अहवाल आला. तपास यंत्रणेला हे अहवाल मान्य नाहीत आणि खटला न्यायालयात आहे, त्यामुळे निकाल आम्ही देत नाही. आम्ही फक्त एवढेच विचारतो: तुमच्या लॅपटॉपमध्ये काय आहे आणि ते कुणी ठेवले, हे सांगण्याची किल्ली तुमच्याकडे आहे का?

नाही. मित्रांनो, खरी लढाई इथे आहे आणि आपण तिकडे एस-४०० भारी की पॅट्रियट भारी यावर रात्री जागवतो आहोत.

किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होते, याचा धडा बड्या भांडवलदारांनाही मिळाला आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने नायरा एनर्जी या तेल कंपनीवर निर्बंध घातले. तिचा कारभार मुंबईतून चालतो, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला, आणि ४९ टक्क्यांच्या वर हिस्सा रशियाच्या रोसनेफ्टचा. निर्बंध युरोपचे. पण अमेरिकेतल्या मायक्रोसॉफ्टने भारतातल्या या कंपनीचे ईमेल आणि इतर सेवा बंद केल्या. पैसे भरलेले, परवाना घेतलेला, तरी बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. एका रिफायनरीला न्यायालयात जाता येते. उद्या तुमच्या संघटनेचे खाते कुठल्या तरी देशाच्या दाबाखाली बंद झाले तर तुम्ही कुठल्या न्यायालयात जाणार आहात?

यावर सरकारी उत्तर तयार असते: स्वदेशी. आधी परदेशी ईमेल होती, आता देशी कंपनीची घ्या. पण मालक बदलला म्हणून कुलूप उघडते का? गावच्या विहिरीवर इंग्रजांचा पहारा असो की पाटलाचा, आपल्या बाईला घागर रिकामीच घेऊन परत यावे लागले. सॉफ्टवेअरच्या आत काय चालले आहे ते तपासता येत नसेल, तर ते अमेरिकेचे असो, चीनचे असो की आपल्या देशातले असो, आपल्यासाठी ते बंदच आहे. उलट देशी सत्तेला आपल्यावर नजर ठेवण्यात अमेरिकेपेक्षा जास्त रस असतो, हे आपण अनुभवाने जाणतो.

म्हणून आम्ही ओपन सोर्सच्या बाजूने आहोत. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रोग्राम ज्या मजकुरातून बनतो तो मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सगळ्यांना वाचायला, तपासायला, बदलायला आणि पुढे द्यायला मोकळा असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सोडले. आज जगातले बहुतेक सर्व्हर त्यावर चालतात, तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्स आहे. पेगॅसस फोनमध्ये येऊन गेला का हे तपासण्यासाठी अॅम्नेस्टीने २०२१ मध्ये जे साधन काढले, तेही ओपन सोर्स आहे. ते कुणीही उघडून पाहू शकतो, म्हणूनच त्याच्या निष्कर्षावर वाद घालता येतो. बंद डब्यातून आलेल्या निष्कर्षावर फक्त श्रद्धा ठेवता येते.

ज्ञान कुणी ऐकायचे, कुणी वाचायचे, कुणी कानात शिसे ओतून घ्यायचे, हे ठरवणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. ओपन सोर्सचा विचार आपल्याला समजावून सांगायला सिलिकॉन व्हॅलीच्या माणसाची गरज नसावी. पण इथेच आपल्यातल्या तंत्रज्ञ मित्रांशी आमचे भांडण सुरू होते. ते म्हणतात, ओपन सोर्स आले म्हणजे मुक्ती आली. आम्ही म्हणतो, महाड आठवा.

चवदार तळे १९२७ मध्ये खुले झाले असे आपण बोलण्याच्या ओघात म्हणतो. कागदावर ते आधीच खुले होते. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला होता की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तसा ठरावही केला. आणि तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्यापैकी कुणी त्या पाण्याला हात लावू शकले नव्हते. हात लावला तेव्हा डोकी फुटली, तळ्याचे शुद्धीकरण झाले आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडले. ओपन सोर्सचा परवाना हा बोले ठराव आहे. तो हवाच. त्याच्याशिवाय महाडला कायद्याचा आधारच मिळाला नसता. पण ठराव म्हणजे पाणी नव्हे.

जगातल्या सत्तास्पर्धेने हे गेल्या काही वर्षांत उघडे पाडले आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य कोडची देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून सुमारे डझनभर रशियन नावे काढली गेली. कारण अमेरिकेचे निर्बंध. कोड खुला राहिला, पण कोडच्या दारावर कोण उभे राहील हे वॉशिंग्टनच्या कायद्याने ठरवले. टोरवाल्ड्स यांनी त्याचे समर्थन केले. त्याआधी २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया, क्रिमियातल्या प्रोग्रामरांच्या खात्यांवर बंधने घातली होती. गिटहब म्हणजे जगभरचा खुला कोड जिथे ठेवला जातो ते गोदाम, आणि ते २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे आहे. तळे सार्वजनिक, घाट खाजगी.

युद्धाचेही तसेच. १ जून २०२५ रोजी युक्रेनने ट्रकांत लपवून नेलेल्या ड्रोननी रशियाच्या आतल्या विमानतळांवर हल्ला केला. त्या ड्रोनमध्ये 'अर्डूपायलट' हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरल्याचे समोर आले. हौशी लोकांनी छोटी विमाने उडवायला हे सुरू केले होते. ओपन सोर्सच्या व्याख्येतच आहे की अमुक कामासाठी वापरू नका अशी अट घालता येत नाही. त्यामुळे शेतात फवारणी करणारा ड्रोन आणि बॉम्ब टाकणारा ड्रोन एकाच खुल्या कोडवर उडू शकतात. यावर खळखळ करणाऱ्यांना आम्ही विचारतो, बंद कोडवर उडणारे बॉम्ब जास्त नैतिक असतात का? मेटाने आपले 'लामा' हे एआय मॉडेल ओपन सोर्स म्हणून मिरवले, पण त्याच्या परवान्यात अटी ठेवल्या. त्यातली लष्करी वापराची बंदी नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सैन्य आणि तिच्या कंत्राटदारांसाठी सैल केली. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीकने आपले आर१ मॉडेल खुल्या परवान्याने सोडले आणि एका दिवसात एनव्हिडिया कंपनीचे बाजारमूल्य पाचशे अब्ज डॉलरपेक्षा जास्त घसरले. आपल्यातल्या काही डाव्या मित्रांना तेव्हा चीनविषयी भरते आले होते. भरते यायचे काही कारण नाही. मॉडेल कोणत्या मजकुरावर शिकवले तो मजकूर डीपसीकनेही दाखवलेला नाही. ज्याला गरज आहे तो खुले करतो, ज्याची गरज संपते तो बंद करतो. अमेरिका आणि चीन या दोघांसाठीही खुलेपणा हे डावपेचातले एक पान आहे.

मग आपण कुणाच्या बाजूचे? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण बदलले, हे आपण प्रत्येक वर्षावासात वाचतो. म्हातारा, आजारी आणि प्रेत यांची कथा त्यांनी नाकारली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्धाचा ठराव आला, सिद्धार्थाने संघात त्याला विरोध केला, बहुमत युद्धाच्या बाजूने गेले, त्याने सैन्यात यायला नकार दिला. संघाच्या हातात कुटुंबावर बहिष्कार आणि जमीन जप्ती होती. घरच्यांवर ते येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली. शाक्यांचा पक्ष की कोलियांचा पक्ष, असा प्रश्न त्याच्यापुढेही टाकला गेला होता. त्याने पाण्याच्या वाटणीची चौकशी करा असे सांगितले. आज पाण्याच्या जागी चिप आहे, डेटा आहे, दुर्मीळ खनिजे आहेत. चौकशी मात्र कुणालाच नको आहे.

आणि वीज आहे, ती विसरू नका. देशातल्या डेटा सेंटरांची निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत एकवटली आहे. 'क्लाऊड' म्हणतात त्याला, म्हणजे ढग. हा ढग विजेवर चालतो, महाराष्ट्राची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशावर चालते, आणि वेकोलिचा कोळसा चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या चुलीत जातो. ढग मुंबईत, राख आणि धूळ इकडे. राजूरच्या चुलीवरच्या भांड्यांवर सकाळी जो काळा थर बसतो त्यात थोडा वाटा त्या क्लाऊडचाही आहे. तरी आमच्या पोराला त्या क्लाऊडमध्ये नोकरी हवी तर तो कशात पास पाहिजे? एमएस-सीआयटी.

यावर आम्हाला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण हे आपल्या हातातले आहे. एमकेसीएलने २००१ पासून चालवलेला हा कोर्स महाराष्ट्रात सरकारी नोकरीच्या अर्जांशी जोडला गेला आहे. लाखो मुलांनी तो केला, त्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत, मजुरीतून फी भरलेली. त्यात शिकवतात काय? मुख्य भर विंडोज आणि एमएस ऑफिसवर. म्हणजे एका अमेरिकी कंपनीच्या मालाचे गिऱ्हाईक तयार करायचे, आणि त्याची फी गिऱ्हाइकानेच भरायची. घरी जाऊन तो मुलगा चोरीचे विंडोज टाकतो, कारण खरे परवडत नाही. मग त्यात व्हायरस येतो, मग दुकानदार पाचशे रुपये घेतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सुरक्षा-दुरुस्ती थांबली, आणि जुने संगणक विंडोज ११ घेत नाहीत. विहारांच्या वाचनालयांत देणगीत आलेले जे जुने संगणक आहेत, ते आता भंगारात जाणार की त्यावर लिनक्स टाकून आणखी पाच-सात वर्षे चालणार, हा राजूरपुरता अगदी रोकडा प्रश्न आहे.

गंमत पाहा. २०१५ मध्येच केंद्र सरकारने शासकीय कामात ओपन सोर्स वापरण्याचे धोरण काढले. बोले ठरावच तो. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांवरून विंडोज काढून उबंटूवर आधारलेली 'माया' ही प्रणाली आणायचे ठरवले, कारण बंद सॉफ्टवेअरवर भरवसा नाही. सेनेला कळते की दुसऱ्याच्या कुलपात आपली तिजोरी ठेवू नये. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली तीच मुळी भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने नाकारला म्हणून. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. म्हणजे राज्यसंस्थेला हा धडा पस्तीस वर्षांपासून पाठ आहे. फक्त आपल्या पोरांना शिकवताना ती विसरते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपासून लिनक्सवर चालतात.

'आधी पोट, मग लिनक्स' असे म्हणणारे भेटतात. हेच लोक पूर्वी 'आधी पोट, मग इंग्रजी' म्हणायचे. दोन्ही वेळा सांगणाऱ्याचा स्वतःचा मुलगा ते शिकत होता.

चळवळीच्या आत तर आणखी वाईट. आपल्या जुन्या मासिकांचे, स्मरणिकांचे, जयंतीच्या विशेषांकांचे मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, डीव्हीबी अशा फॉन्टांत अडकलेले आहेत. फॉन्ट नाही तर फाइल उघडल्यावर नुसता कचरा दिसतो, त्यात शोधता येत नाही. तीस वर्षांचे लिखाण आपण स्वतःच कुलपात घातले. आता युनिकोड आहे, मुंबईच्या एक टाइपने बनवलेला 'मुक्त' सारखा खुला फॉन्ट फुकट मिळतो, तरी छापखान्यात जाऊन आपण अजून जुनाच फॉन्ट मागतो. सभासदांच्या याद्या, मोबाइल नंबर, देणगीदारांची नावे, अॅट्रॉसिटीच्या प्रकरणातल्या पीडितांचे कागद आणि फोटो, सगळे गूगल फॉर्मवर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर. अडीचशे लोकांच्या ग्रुपवर पीडित मुलीचे नाव टाकणारा कार्यकर्ता पेगॅससला शिव्या देतो, हे आम्हाला पटत नाही.

आणि एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने लिहून ठेवावी. पोलिसांनी फोन किंवा संगणक जप्त केला तर त्याच वेळी त्याची 'हॅश व्हॅल्यू' पंचनाम्यात मागायची. हॅश म्हणजे त्या यंत्रातल्या सगळ्या डेटाचा अंगठा. नंतर एक अक्षर जरी आत घातले किंवा काढले तरी अंगठा बदलतो. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये झडती-जप्तीचे चित्रीकरण आहे. हॅश काढणारी साधने खुली आणि फुकट आहेत, पाच मिनिटांत शिकता येतात. भीमा कोरेगाव प्रकरणातला सगळा वाद शेवटी याच प्रश्नाशी येऊन थांबतो, की जप्तीच्या आधी आत काय होते. हे आपल्या तालुक्यातल्या किती वकिलांना, किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

म्हणून येत्या शिबिरात आम्ही रशिया-अमेरिकेवर व्याख्यान ठेवलेले नाही. सकाळी तीन जुन्या संगणकांवर लिनक्स टाकून दाखवायचे, दुपारी हॅश काढायचा, संध्याकाळी जुन्या फॉन्टातली एक स्मरणिका युनिकोडमध्ये आणायची. त्याचबरोबर संरक्षण मंत्रालयाला जी प्रणाली चालते ती राजूरच्या मुलाच्या परीक्षेत का चालत नाही, हा प्रश्न आम्ही एमकेसीएलला आणि उच्च व तंत्रशिक्षण विभागाला लेखी विचारतो आहोत. एमएस-सीआयटीत लिनक्स आणि लिबरऑफिसचा पर्याय द्या, एवढी एकच मागणी त्यात आहे. मसुदा तयार आहे. वणी, मारेगाव, झरी जामणीच्या कार्यकर्त्यांनी सह्यांचे कागद आपापल्या गावातून फिरवून आणावेत. गूगल फॉर्म पाठवू नये.